बेलापूरच्या डोंगरवाटेची डागडुजी नेमकी कोणी करायची?

टेकडीवासी

नवी मुंबईतल्या बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज वसाहतीच्या मागे उभ्या असलेल्या डोंगरावर अनेक वाटा चढतात, त्यांपैकी एका वाटेने मी गेली नऊ वर्षे आठवड्यातून चार-पाच सकाळी वर जातो. नेमकी कोणती वाट हे मुद्दाम लिहीत नाही. जाणाऱ्यांना ती वर्णनावरून ओळखू येईलच, आणि ज्यांना ती ठाऊक नाही त्यांनी हा धागा वाचून येत्या रविवारी तिथे गर्दी करावी अशी माझी अजिबात इच्छा नाही. पहाटे साडेपाचला निघणारे निवृत्त लोक, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले, शनिवारी-रविवारी लेकरांना घेऊन येणारी कुटुंबे आणि पावसाळ्यात हार्बर लाइनने उतरणारे मोठमोठे गट, असा सगळा राबता या एका वाटेवर आहे.

मधल्या टप्प्यात काही वर्षांपूर्वी कोणीतरी सिमेंटच्या पायऱ्या बांधल्या. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांतल्या एका पायरीखालचा मुरूम पाण्याने पार वाहून गेला होता. वरून पायरी धडधाकट दिसत होती, पण कडेला बसून खाली हात घातला तर तो कोपरापर्यंत आत जाई, इतकी ती पोकळ झाली होती. हे अर्थात नंतर कळले. आमच्या इमारतीतील सदुसष्ट वर्षांच्या काकू, आम्हा सगळ्यांपेक्षा सावकाश आणि सांभाळून चालणाऱ्या, त्यांनी तिच्यावर पाय ठेवला आणि ती फळीसारखी पुढे कलंडली. पडताना त्यांनी बाजूचा लोखंडी कठडा धरला, तर त्याचा खांब बुडाशी गंजून सुटलेला असल्यामुळे तोच त्यांच्या हातात आला. मनगटाचे हाड मोडले. दीड महिना हात गळ्यात बांधून त्या खाली बाकावर बसून आमची वाट पाहत असत.

त्यानंतर मी तीन कार्यालयांचे उंबरे झिजवले. कोणाचेही नाव घेत नाही, कारण समोर बसलेली माणसे सभ्य होती आणि बहुधा खरेच बोलत होती. पहिल्या ठिकाणी सांगण्यात आले की जमीन आमची नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगण्यात आले की जमीन कदाचित आमची असेल, मोजणी झाल्याशिवाय सांगता येणार नाही, पण पायऱ्या आम्ही बांधलेल्या नाहीत. तिसऱ्या ठिकाणी मला विचारण्यात आले की तुम्ही तिथे गेलातच कशाला.

माझे म्हणणे असे आहे की जमिनीचा सातबारा कोणाच्याही नावे असो, शहरातील हजारो माणसे जी वाट रोज वापरतात तिची देखभाल शहराच्या महापालिकेने अंगावर घेतली पाहिजे. यात माझे काही चुकत असल्यास जाणकारांनी सांगावे.

पाऊलखुणा

काकूंचा हात आता बरा आहे ना? एकच प्रश्न विचारतो. पायऱ्या ज्याने बांधल्या त्याचा शोध लागला का? सरकारी पैशाने झालेल्या कामापाशी कोनशिला किंवा फलक असतोच.

टेकडीवासी

हात बरा आहे, त्या पुन्हा येऊ लागल्या आहेत, मात्र पायऱ्यांच्या बाजूने न येता शेजारच्या मातीच्या चढाने येतात. फलक आहे. पत्र्याचा आहे, आणि त्यावरचा वरचा अर्धा रंग पापुद्रे सुटून पडला आहे. आता त्यावर फक्त ‘यांच्या निधीतून’ एवढीच अक्षरे शिल्लक आहेत. कोणाच्या, हे पावसाने धुऊन नेले.

निवृत्त_स्थापत्य

मी सदतीस वर्षे सार्वजनिक कामांच्या खात्यात काढली, त्यामुळे आपल्या तिन्ही कार्यालयांची उत्तरे मला पाठ आहेत आणि त्यांतली दोन मी स्वतःही इतरांना दिलेली आहेत. ती खोटी नसतात, एवढे आधी कबूल करतो. नवी मुंबईत हा गुंता जन्मापासूनचा आहे.

हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० सालची. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या पट्ट्यात, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरवर हे शहर आखले गेले, आणि त्यासाठी गावांच्या जमिनी संपादित झाल्या. महापालिका आली ती १ जानेवारी १९९२ पासून. म्हणजे जमिनीचा मालक आणि नागरी सेवा देणारी संस्था येथे पहिल्यापासून वेगवेगळ्या आहेत. एकेक नोड (म्हणजे शहराचा आखलेला विभाग), त्यातील रस्ते, उद्याने, नाले टप्प्याटप्प्याने पालिकेकडे हस्तांतरित होत गेले. हस्तांतराच्या यादीत ज्याचे नाव असते तेच पालिकेच्या दप्तरात अस्तित्वात असते. डोंगरावरची मळलेली पायवाट अशा कोणत्याही यादीत येण्याचे कारण नव्हते, कारण ती कोणी बांधलेलीच नव्हती. त्यातच डोंगराचा काही भाग वनखात्याकडे, काही सिडकोकडे, आणि हद्दीचे दगड झुडपांत. खारघरकडे गेलात तर चित्र आणखी निराळे, कारण २०१६ च्या १ ऑक्टोबरपासून तो भाग पनवेल महापालिकेत आहे. डोंगररांग एकच, पण तिच्या दोन बाजूंना दोन महापालिका आणि दोन जिल्हे.

आता कायद्याबद्दल. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये पालिकेची कामे दोन ठिकाणी दिली आहेत. कलम ६३ मधील कामे करावीच लागतात आणि कलम ६६ मधील कामे पालिकेच्या मर्जीवर सोडलेली आहेत. सार्वजनिक रस्ते पहिल्यात येतात, तर बागा आणि करमणुकीच्या जागा दुसऱ्यात. आपली वाट ‘रस्ता’ ठरली तर देखभाल बंधनकारक, ‘बाग’ ठरली तर ऐच्छिक, अशी ही अडचण आहे. गंमत अशी की अधिनियमातील रस्त्याच्या व्याख्येत पादचाऱ्यांची वाटही बसते. तरीही वनजमिनीवरून जाणारी वाट पालिकेचा सार्वजनिक रस्ता आहे असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही, आणि तसे म्हणू नये असेच मला वाटते. कारण एकदा ती रस्ता ठरली की पुढचा अभियंता तिच्यावर डांबर घालील.

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत मात्र नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे रक्षण हे विषय नगरपालिकांकडे सोपवता येतील असे स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा पालिकेने हात घालायचा ठरवला तर दार बंद नाही. घालायचा नाही असे ठरवले तर सक्तीही नाही.

शिरवा

काका, सक्ती नाही हे मला पूर्ण पटत नाही. १९८० साली रतलामच्या नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उघडी गटारे दुरुस्त करण्यास पैसा नाही ही सबब नाकारली होती, आणि त्याआधी १९६६ सालच्या निकालात, दिल्लीतील चांदणी चौकातले घंटाघर कोसळून माणसे मेली त्या प्रकरणात महापालिकेला जबाबदार धरले होते. बांधकाम जुने होते आणि दोष वरून दिसत नव्हता, हा बचाव तेथे चालला नाही. टेकडीवासी यांनी सांगितलेली पायरीही वरून धडधाकटच दिसत होती.

निवृत्त_स्थापत्य

उदाहरणे योग्य आहेत, पण दोन्हींत एक गोष्ट आधीच ठरलेली होती, ती म्हणजे गटार कोणाचे आणि घंटाघर कोणाचे. घंटाघर पालिकेच्या मालकीचे होते आणि तिच्याच ताब्यात होते. येथे पायरीचा बापच सापडत नाही. म्हणून न्यायालयात जाण्याआधी मी मोजणी आणि मालकी यांचा कागद हातात घेईन. तो मिळवण्यासाठी माहितीचा अधिकार पुरेसा आहे, दहा रुपयांचे काम आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, त्यामुळे ‘आमच्याकडे नाही’ एवढे तोंडी सांगून कोणाला मोकळे होता येत नाही.

घसारा

मी सह्याद्रीत बावीस वर्षे भटकतो आहे आणि या वाटेवरही अनेकदा आलो आहे. वरची चर्चा वाचून मला भीती एकाच गोष्टीची वाटते: उद्या जबाबदारी निश्चित झालीच, तर जो कोणी जबाबदार ठरेल तो पहिले काम काय करील? तो पुन्हा पायऱ्याच बांधील. म्हणून देखभाल कशाला म्हणायचे हे आधी बोलले पाहिजे.

डोंगरवाट पायांनी खराब होते असा समज आहे. पाय फक्त सुरुवात करून देतात. माणसे चालून चालून वाटेची माती दाबली जाते, तिच्यावर गवत उगवत नाही, आणि ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-चार बोटे खोल होते. मग पावसाचे पाणी उतारावर पसरून जाण्याऐवजी त्या पन्हळीतून धावते. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पाण्याला सरळ, गुळगुळीत आणि उतरती पन्हळ मिळाली की ते माती घेऊन जाते, मग मुरूम घेऊन जाते, आणि खाली सुटे दगड ठेवून जाते. हाच घसारा. त्यावर पाय टिकत नाही म्हणून लोक बाजूने चालू लागतात, बाजूला दुसरी पन्हळ तयार होते, मग तिसरी. या वाटेवर करवंदांच्या जाळीच्या वरच्या अंगाला उभे राहून पाहा. मूळ एका वाटेच्या आता चार झाल्या आहेत आणि मधल्या झाडांची मुळे उघडी पडून बोटांसारखी बाहेर आली आहेत.

सिमेंटच्या पायऱ्या या रोगावर औषध म्हणून येतात आणि रोग वाढवतात. पाणी पायरीवरून उडी मारून तिच्या पायथ्याशी आदळते, तिथली माती उकरते आणि हळूहळू खालच्या पायरीच्या पोटात शिरते. काकूंच्या पायरीचे तेच झाले आहे. ती वाईट बांधली होती म्हणून पडली असे नसून, चांगली बांधली असती तर दोन पावसाळे उशिरा पडली असती, एवढाच फरक झाला असता.

मग करायचे काय? वाट डोंगराच्या उतारावर सरळ चढवायची नाही, आडवी तिरकी न्यायची. ढोबळ हिशेब असा की वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि एकंदरीत शंभर मीटर चालण्यात दहा मीटरच्या वर चढू नये. वाटेची दरीकडची कड किंचित खाली असावी, मीटरभर रुंदीला पाच सेंटीमीटर पुरे, म्हणजे पाणी वाटेवर न धावता तिला ओलांडून निघून जाते. जिथे उभा चढ टाळताच येत नाही तिथे थोड्याथोड्या अंतरावर वाटेत तिरके दगड अर्धेअधिक पुरून बसवायचे, जे पाण्याला कोपरखळी मारून बाजूच्या झुडपात ढकलतात. हे दगड आडवे काटकोनात बसवले तर त्यांच्यामागे गाळ साचून ते वर्षभरात निकामी होतात. पंचेचाळीस अंशांच्या आसपास तिरके असले तर पाणी स्वतःच गाळ घेऊन जाते. मे महिन्याच्या शेवटी त्यांची तोंडे मोकळी करायची, आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर पुन्हा एकदा जाऊन पाहायचे. पावसाळ्यातली देखभाल म्हणजे मुख्यतः एवढेच. यासाठी फावडे, पहार, घमेले आणि डोळे असलेली चार माणसे लागतात, पण त्याला फीत कापता येत नाही.

सूर्यास्त_पॉइंट

घसारा यांचे म्हणणे अभ्यासपूर्ण आहे, पण ते गिर्यारोहकाच्या नजरेचे आहे. ही वाट शहरातली आहे आणि तिच्यावर साठीच्या पुढची माणसे रोज येतात. पक्क्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, दर पन्नास मीटरवर दिवा, वर एक शेड आणि खाली पार्किंग एवढे केले तर कोणाचे काय बिघडते? लोकांना सोय हवी असते. मुरुमावर घसरण्यापेक्षा पेव्हर ब्लॉक बरे.

घसारा

पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरते आणि जुलैत त्यावरून पाय सुटतो, हे आपल्या सोसायटीच्या आवारातही पाहता येईल. दिव्यांबद्दल इतकेच म्हणतो की डोंगरावर रात्री फिरणाऱ्या प्राण्यांना आणि कीटकांना अंधार हवा असतो, आणि ज्या वाटेवर रात्री दिवे असतील त्या वाटेवर रात्री माणसेही येतील, बाटल्या घेऊन येतील.

सुमेधा_ताई

दोघांच्या मध्ये पडते, रागावू नका. मी पायथ्यापासून पहिल्या सपाटीपर्यंतच जाते, गुडघ्यांमुळे पुढे जाता येत नाही. माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत. तेवढा दोनशे-तीनशे पावलांचा भाग रुंद, समतल आणि बसण्याच्या दगडांसह नीट केला तर आम्हाला पुढे पेव्हर नकोतच. सगळी वाट सगळ्यांसाठी सारखी करण्याचा आग्रह सोडला तर भांडणाचे मूळच जाईल असे मला वाटते. दिव्यांपेक्षा मला पायथ्याशी एक स्वच्छतागृह महत्त्वाचे वाटते, ज्याविषयी वरच्या इतक्या लेखनात एकाही पुरुषाने अवाक्षर काढलेले नाही. आणि ते तर निर्विवाद पालिकेच्या हद्दीत, पालिकेच्या रस्त्यावर होऊ शकते. तिथे मोजणीचीही वाट पाहावी लागणार नाही.

निवृत्त_स्थापत्य

ताई, खरे आहे, आणि लाजही वाटली. पायथ्याचे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, कचऱ्याचे डबे आणि वाहनांची शिस्त ही चारही कामे आजच्या आज पालिकेच्या अधिकारात आहेत. मी त्यांचा उल्लेखही केला नाही, कारण माझे डोके कलमांत अडकले होते.

ढोरवाट

मी बेलापूर गावातला आहे. आगरी कुटुंबातला, चौथ्या पिढीचा. आपण सगळे ज्या वाटेला डोंगरवाट म्हणत आहात ती आमच्या घरातल्या माणसांसाठी ढोरवाट होती. माझी आजी या वाटेने सरपणाला आणि करवंदांना जात असे, आणि श्रावणात वरच्या देवाला नारळ घेऊन जाण्याचा आमच्या आळीचा रिवाज अजून आहे. गुरे उभ्या चढाने कधीच जात नाहीत, ती वळणे घेत आडवी चढतात, त्यामुळे घसारा यांनी सांगितलेली तिरकी वाट आमच्याकडे आधीपासून होती. ती मोडून सरळ वर जाणारा जवळचा रस्ता पाडला तो घड्याळ लावून पळणाऱ्यांनी, आणि मग त्या सरळ चढावर पायऱ्या लागल्या. जुनी वाट अजून आहे. गवतात बुजली आहे, पण ऑक्टोबरमध्ये गवत वाळले की उन्हाच्या तिरिपीत तिची रेघ दिसते.

माझे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. नवीन काही बांधण्याआधी जुनी वाट शोधून मोकळी करावी, त्यासाठी गावातली दोन-तीन वयस्कर माणसे अजून आहेत, त्यांना बरोबर न्यावे. आणि देखभालीचे काम निघालेच तर ते बाहेरच्या कंत्राटदाराला न देता गावातल्या आणि पाड्यांवरच्या पोरांना द्यावे. सुपारी घेऊन आलेल्या कंत्राटदाराला पाणी कुठून उतरते हे पहिल्या पावसात कळेल. आमच्या पोरांना ते आधीच ठाऊक आहे.

टेकडीवासी

तुमचा प्रतिसाद वाचून मी आज संध्याकाळी मुद्दाम वर गेलो. करवंदांच्या जाळीच्या डाव्या अंगाने एक फिकट रेघ खरोखरच वळत गेली आहे. नऊ वर्षांत मला ती दिसली नव्हती. तुमच्याबरोबर एकदा चालून पाहायला आवडेल.

शिरवा

बंदीविषयी कोणी बोलले नाही. दर पावसाळ्यात धबधब्यांच्या परिसरात प्रवेशबंदीचे आदेश निघतात, खारघरच्या पांडवकड्यावर तर वर्षानुवर्षे निघत आले आहेत, कारण तिथे माणसे बुडाली आहेत. अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी वाट बंद ठेवणे हे मी देखभालीतच धरते. पण जूनमध्ये फलक लावायचा आणि ऑक्टोबरमध्ये काढायचा, एवढ्यावर काम संपले असे मानणे मला मान्य नाही. बंदीच्या चार महिन्यांतही लोक जातातच, फक्त मुख्य वाट सोडून पोलीस नसलेल्या बाजूने जातात, आणि ती बाजू हमखास जास्त धोक्याची असते.

आणखी एक गोष्ट. २०२४ च्या जुलैत याच बेलापूरच्या डोंगरात धबधब्यावर गेलेले साठेक जण पाणी अचानक वाढल्यामुळे अडकले होते. त्यांना कोणी बाहेर काढले? अग्निशमन दलाने आणि पोलिसांनी. अग्निशमन दल महापालिकेचे आहे. दोर घेऊन वर चढणाऱ्या त्या जवानांनी पायाखालची जमीन वनखात्याची की सिडकोची असे विचारले नाही. म्हणजे माणूस अडकल्यानंतरची जबाबदारी पालिका आज प्रत्यक्षात पार पाडतेच आहे, आणि ती चोख पार पाडते. तो अडकू नये म्हणून वाटेवर करायच्या कामाला मात्र मोजणी हवी. हे मला उलटे वाटते.

निवृत्त_स्थापत्य

हा मुद्दा मी इतक्या वर्षांत असा मांडलेला ऐकला नव्हता. पालिकेला द्यायच्या निवेदनात हाच पहिला परिच्छेद असावा. बचावाची जबाबदारी जर हद्द न पाहता घेतली जाते, तर देखभालीची जबाबदारी मालकीपासून वेगळी करून करारावर घेता येईल. जमीन ज्याची त्याचीच राहील, पालिका फक्त वाटेच्या पट्ट्याची निगा राखील. वनखात्याच्या बाजूनेही वाट आहे. २०२३ साली वनसंवर्धन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार मंजूर कार्य आयोजनेत (म्हणजे वनाच्या व्यवस्थापनाच्या आराखड्यात) समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा वनेतर वापर मानल्या जात नाहीत. त्या दुरुस्तीवर पुष्कळ टीका झाली आहे आणि तिचा आधार घेऊन कोणी डोंगरावर रिसॉर्ट उभारू नये असे मलाही वाटते, पण चार फुटी पायवाटेची निगा त्या आयोजनेत लिहून घेणे शक्य असावे.

हिशेबनीस

पैसा कुठून येणार हे कोणीच विचारत नाही, म्हणून विचारतो. सिंहगडावर वनव्यवस्थापन समितीमार्फत वाहनांकडून उपद्रव शुल्क घेतले जाते. तसे इथे का नको?

सुमेधा_ताई

सिंहगडावर लोक गाडीने वरपर्यंत जातात. इथे रोज पायी चढणाऱ्या पेन्शनरांकडून पैसे घ्यायचे? त्यापेक्षा पायथ्याच्या पार्किंगचे घ्या, बाहेरून येणाऱ्या गाड्यांचे.

हिशेबनीस

पार्किंगचे चालेल. मात्र तो पैसा वेगळ्या लेखाशीर्षात जमा होऊन याच वाटेवर खर्च झाला पाहिजे, नाहीतर तो सर्वसाधारण निधीत जाईल आणि पुन्हा दिसणार नाही. उद्यानांच्या वार्षिक देखभालीच्या निविदा निघतात तशी या वाटेची एक छोटी तरतूद अंदाजपत्रकात यायला हवी. घसारा यांनी सांगितलेल्या कामात सिमेंट नाही, लोखंड नाही, फक्त मजुरी आहे. त्यामुळे रक्कम लहानच असेल, आणि खरे सांगायचे तर तीच अडचण आहे. लहान रकमेच्या कामात कोणाला रस नसतो.

पाऊलखुणा

दोन वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी दुसऱ्या एका डोंगरावर, तोही नवी मुंबईतलाच, रविवारी जाऊन स्वतःच पाण्याचे चर काढले होते. तिसऱ्या रविवारी वनरक्षक आले आणि त्यांनी काम थांबवले. आम्हाला राग आला, बरेच बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की राखीव वनात जमीन खोदणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, तुमचा हेतू चांगला आहे हे मला दिसते, पण उद्या दुसरा कोणी खोदताना सापडला आणि त्यानेही हेतू चांगला असल्याचे सांगितले तर मी काय करू? त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांनीच पुढे सुचवले की लेखी अर्ज करा, काम कुठे आणि किती ते नकाशावर दाखवा, आणि कामाच्या वेळी आमचा माणूस हजर राहील. आम्ही अर्ज केला नाही. कंटाळलो. चर पहिल्याच वर्षी बुजले.

म्हणून इथेही उत्साहाच्या भरात फावडी घेऊन जाऊ नये असे सुचवतो.

घसारा

हे वाचून बरे वाटले, कारण मी नेमका तोच बेत करत होतो.

सूर्यास्त_पॉइंट

मी माझा पेव्हरचा मुद्दा मागे घेतो. कठड्याचा घेत नाही. वरच्या कातळाच्या टोकाशी, जिथे सगळे फोटो काढतात, तिथे कठडा हवाच. मागच्या महिन्यात एक मुलगा तिथे पाठमोरा मागे सरकत होता, फोन हातात, मी ओरडलो म्हणून थांबला.

घसारा

त्या जागेपुरता मीही सहमत आहे. फक्त खांब मुरुमात न रोवता कातळात भोक पाडून बसवावा, आणि दर वर्षी बुडाशी गंज तपासावा. काकूंच्या हातात आलेला खांब मातीत रोवलेला होता.

टेकडीवासी

आठ दिवसांनी लिहितो आहे. तीन वेगवेगळे अर्ज माहितीच्या अधिकारात दाखल केले. प्रत्येकात एकच प्रश्न वेगळ्या शब्दांत आहे: या वाटेखालची जमीन आपल्या अभिलेखात कोणाच्या नावे आहे, आणि पायऱ्या व कठडा कोणत्या आदेशाने बांधले गेले. निवेदनाचा मसुदा निवृत्त_स्थापत्य काकांनी तपासून दिला. पहिला परिच्छेद शिरवा यांचा, दुसरा सुमेधा ताईंच्या स्वच्छतागृहाचा, आणि त्यानंतर संयुक्त पाहणीची मागणी आहे. नगरसेवकांची मुदत २०२० मध्ये संपल्यावर बराच काळ प्रशासकांचे राज्य होते, त्या काळात असे निवेदन कोणाच्या टेबलावर ठेवायचे हेच कळत नसे, म्हणून या वेळी पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही.

रविवारी ढोरवाट यांच्याबरोबर त्यांच्या आळीतले एक आजोबा आले होते. वय अठ्ठ्याऐंशी, हातात काठी, पायात साध्या चपला. जुन्या वाटेच्या तिसऱ्या वळणावर ते थांबले आणि काठीने गवत बाजूला केले. खाली हातभर लांबीचे तीन काळे दगड वाटेत तिरके पुरलेले होते, वरची बाजू पायांनी झिजून गुळगुळीत झालेली. कोणी बसवले, असे विचारल्यावर ते म्हणाले की त्यांच्या लहानपणीही ते इथेच होते, दर वर्षी मिरगाआधी त्यांच्या मागची माती काढायची असा नेम होता. घसारा यांनी खिशातून मोबाइल काढून कोन मोजला. पंचेचाळीस नव्हता, चाळीस निघाला.

माती आम्ही काढली नाही, तशी परवानगी मिळालेली नाही. फोटो काढून, जागा नकाशावर टिपून खाली उतरलो.

निवृत्त_स्थापत्य

तो फोटो निवेदनाला जोडा. पान क्रमांक घाला.